‘नस दबली आहे’ म्हणजे नेमकी कोणती? थोरॅसिक आउटलेट सिंड्रोम आणि ऑपरेशनचा निर्णय

हाताला मुंग्या येतात, करंगळी बधिर होते, हात वर धरला की काही मिनिटांतच जड पडतो. मानेचा एमआरआय काढला तर त्यात फारसं काही सापडत नाही. बऱ्याच चकरा मारल्यानंतर एखादे डॉक्टर कागदावर लिहितात, ‘थोरॅसिक आउटलेट सिंड्रोम’. पुढच्याच भेटीत बरगडी काढण्याच्या ऑपरेशनचा विषय निघतो.

हाताच्या दुखण्यासाठी बरगडी का काढायची, हाच पहिला प्रश्न पडतो. त्यात भंडारा जिल्ह्यातल्या पवनी तालुक्यात, गोसीखुर्द धरणाच्या परिसरात राहणाऱ्या आणि रोवणी, मासेमारी किंवा मजुरीवर घर चालवणाऱ्या माणसासाठी हा प्रश्न थेट पोटापाण्याचा असतो. ऑपरेशन केलं तर काही महिने जड काम बंद, आणि नाही केलं तर हाताची ताकद जाण्याची भीती.

हा आजार नेमका काय आहे, तो कसा ओळखतात, ऑपरेशन कोणाला लागतं आणि कोणाला लागत नाही, हे या लेखात समजून घेऊया.

थोरॅसिक आउटलेट म्हणजे शरीराचा कोणता भाग?

मानेचा खालचा भाग आणि खांदा यांच्या मधे, कॉलर बोन म्हणजे हासळीच्या हाडामागे एक अरुंद वाट असते. खाली पहिली बरगडी, वर हासळीचं हाड आणि बाजूला मानेचे स्केलीन नावाचे स्नायू. हाताकडे जाणाऱ्या सगळ्या महत्त्वाच्या गोष्टी याच वाटेने जातात.

त्या तीन आहेत. मेंदूचे आदेश हाताला पोहोचवणारा आणि हाताची संवेदना मेंदूकडे नेणारा चेतातंतूंचा जुडगा, म्हणजे ब्रेकियल प्लेक्सस. हाताला शुद्ध रक्त देणारी रोहिणी. आणि हातातलं रक्त हृदयाकडे परत नेणारी नीला.

या वाटेत जागा कमी पडली आणि तिघांपैकी काहीतरी दाबलं गेलं की जी लक्षणं दिसतात, त्यांना एकत्रितपणे थोरॅसिक आउटलेट सिंड्रोम म्हणतात. अनेक रुग्णांमध्ये दाब थोडा पुढे, छातीच्या वरच्या कोपऱ्यातल्या पेक्टोरालिस मायनर या स्नायूखालीही असतो.

‘नस’ या शब्दाने होणारा घोटाळा

मराठीत आपण चेतातंतूलाही ‘नस’ म्हणतो आणि रक्तवाहिनीलाही ‘नस’च म्हणतो. त्यामुळे ‘नस दबली आहे’ एवढंच ऐकून घरी परतलं, तर आजार किती गंभीर आहे हे कळत नाही. कारण कोणती ‘नस’ दबली त्यावर या आजाराचे तीन प्रकार पडतात आणि तिन्हींची घाई वेगवेगळी आहे.

१. चेतातंतू दबणं. सर्वाधिक आढळणारा प्रकार हाच. १०० पैकी ९० हून अधिक रुग्ण या गटात येतात. मान, खांदा आणि हात दुखणं, मुंग्या, बधिरपणा, विशेषतः करंगळी आणि अनामिकेच्या बाजूला, हात वर धरल्यावर त्रास वाढणं ही लक्षणं असतात. हा प्रकार हळूहळू वाढतो. बहुतेकांना निर्णय घ्यायला वेळ असतो.

२. नीला दबणं. १०० पैकी साधारण ३ ते ५ रुग्ण. यात हात अचानक सुजतो, जड होतो, निळसर पडतो, छातीच्या वरच्या भागात आणि खांद्यावर शिरा फुगलेल्या दिसतात. आत रक्ताची गुठळी झालेली असू शकते. इथे दिवस मोजून काम करावं लागतं.

३. रोहिणी दबणं. सर्वांत दुर्मीळ, १०० पैकी साधारण १. हात थंड आणि फिकट पडतो, बोटांची टोकं दुखतात किंवा काळी पडू लागतात. दबलेल्या जागेच्या पुढे रोहिणी फुगते, तिथे गुठळ्या तयार होतात आणि त्या बोटांकडे वाहत जातात. बोटं गमावण्याची वेळ येऊ शकते.

म्हणून निदान ऐकल्यावर डॉक्टरांना विचारायचा पहिला प्रश्न हाच: “दबलंय ते चेतातंतू की रक्तवाहिनी?” पुढचं सगळं या उत्तरावर ठरतं.

हा आजार कशामुळे होतो?

काही लोकांना जन्मतःच मानेच्या शेवटच्या मणक्याला एक जादा बरगडी असते. तिला सर्व्हायकल रिब म्हणतात. साधारण १०० माणसांत एखाद्याला किंवा त्याहूनही कमी लोकांना ती असते. त्यातल्या बहुतेकांना आयुष्यभर काहीच त्रास होत नाही. त्यामुळे एक्स-रेमध्ये जादा बरगडी दिसली म्हणजे ऑपरेशन लागणारच, असं मुळीच नाही.

दुसरं मोठं कारण म्हणजे मानेला बसलेला झटका. दुचाकीवरून पडणं किंवा वाहनाला मागून धडक बसणं यामुळे स्केलीन स्नायूंना इजा होते, ते आखडतात आणि त्यांच्यात व्रण तयार होतो. अपघातानंतर काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी हाताचा त्रास सुरू झाला, तर जुनी घटना डॉक्टरांना आवर्जून सांगायला हवी.

तिसरं कारण म्हणजे एकाच प्रकारचं काम पुन्हा पुन्हा करणं. हात खांद्याच्या वर ठेवून करायची कामं आणि खांदा खाली ओढणारं ओझं या वाटेतली जागा कमी करतात. जगभरात हा आजार जलतरणपटू, चेंडू फेकणारे खेळाडू, वादक आणि रंगारी यांच्यात ओळखला जातो. गोसीखुर्द परिसरातल्या कामांकडे पाहिलं तर तशाच हालचाली दिसतात. वैनगंगेत आणि जलाशयात जाळं फेकणं, डोक्यावरची मोळी एका हाताने सावरत चालणं, धानाची पोती खांद्यावर घेणं, फवारणीचा पंप दोन्ही खांद्यांना अडकवून बांधीत फिरणं. १६ लिटरच्या पंपात नुसत्या पाण्याचंच वजन १६ किलो होतं आणि त्याचा पट्टा नेमका हासळीच्या हाडाजवळ रुततो. अशी कामं करणाऱ्या प्रत्येकाला हा आजार होतो असा याचा अर्थ नाही. मात्र ज्याच्या शरीरात ही वाट आधीच अरुंद आहे, त्याचा त्रास अशा कामांनी वाढतो.

हे नाव कधी आलं?

आजार जुना आहे, नाव त्या मानाने नवं. मानेतली जादा बरगडी काढण्याचं ऑपरेशन लंडनमध्ये १८६१ साली झाल्याची नोंद आहे. १९२७ साली अमेरिकेतले अॅल्फ्रेड अॅडसन आणि जे. कॉफी यांनी बरगडीऐवजी स्केलीन स्नायू कापण्याचा मार्ग सुचवला. वेगवेगळ्या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या या सगळ्या त्रासांना ‘थोरॅसिक आउटलेट सिंड्रोम’ हे एकच नाव १९५६ साली मिळालं. १९६६ साली डेव्हिड रूस यांनी काखेतून पहिली बरगडी काढण्याची पद्धत मांडली आणि ती जगभर पसरली.

नीलेत गुठळी होण्याच्या प्रकाराला पॅजेट-श्रोटर सिंड्रोम म्हणतात. इंग्लंडचे जेम्स पॅजेट आणि व्हिएन्नाचे लिओपोल्ड फॉन श्रोटर यांनी एकोणिसाव्या शतकात त्याचं वर्णन केलं होतं.

निदान इतकं अवघड का?

कारण एकाच तपासणीत हा आजार पकडता येईल अशी कोणतीही टेस्ट नाही. चेतातंतूच्या प्रकारात तर एमआरआय आणि नर्व्ह कंडक्शन टेस्ट दोन्ही नॉर्मल येऊ शकतात. शिवाय याच लक्षणांचे इतर आजार कितीतरी जास्त प्रमाणात आढळतात. म्हणून निदानाचं अर्धं काम म्हणजे बाकीचे आजार नाहीत याची खात्री करणं.

कोणते आजार आधी तपासायला हवेत?

- मानेतली गादी सरकणं. यात मान वळवल्यावर दुखणं हातात उतरतं. एमआरआयमध्ये सहसा दिसतं.
- मनगटात किंवा कोपरात चेतातंतू दबणं. मनगटात दबला तर अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट बधिर होतं. कोपरात दबला तर करंगळी.
- मधुमेह आणि बी-१२ ची कमतरता. यात बहुधा दोन्ही हात-पाय बधिर होतात. साध्या रक्त तपासणीत कळतं.
- कुष्ठरोग. पूर्व विदर्भात हे विसरून चालत नाही. कुष्ठरोगात कोपराजवळचा चेतातंतू जाड होतो, करंगळीची बाजू बधिर होते आणि पंजाचे स्नायू झिजतात. चित्र बरंचसं सारखंच. अंगावर न दुखणारा, संवेदना नसलेला चट्टा आहे का, हे पाहायलाच हवं. कुष्ठरोगाची औषधं सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात आणि आजार पूर्ण बरा होतो. निदान चुकून बरगडीचं ऑपरेशन झालं तर नुकसान दुहेरी.
- फुफ्फुसाच्या टोकाची गाठ. बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांमध्ये खांदा आणि हात दुखण्यामागे हे कारण असू शकतं. छातीचा एक्स-रे त्यासाठीही लागतो.
- हृदयविकार. डावा हात दुखत असेल आणि सोबत छातीत दाब, घाम, दम लागणं असेल, तर हा लेख वाचत न बसता थेट रुग्णालय गाठायला हवं.

डॉक्टर कोणत्या तपासण्या करतात?

सुरुवात हाताने केलेल्या तपासणीपासून होते. त्यातली प्रसिद्ध चाचणी रूस यांची. दोन्ही हात बाजूला खांद्याइतके वर, कोपर काटकोनात वाकवलेले, आणि ३ मिनिटं मुठी उघडायच्या-मिटायच्या. त्रास असलेला हात लवकर थकतो, मुंग्या येतात आणि रुग्णाला हात खाली घ्यावा लागतो.

मनगटाची नाडी धरून मान वळवायला लावण्याची अॅडसन चाचणीही करतात. पण अनेक निरोगी माणसांचीही नाडी या स्थितीत मंद होते. त्यामुळे ‘नाडी गेली’ एवढ्यावरून ऑपरेशन ठरत नाही.

पुढे मानेचा आणि छातीचा एक्स-रे, नर्व्ह कंडक्शन आणि ईएमजी, हात वर-खाली करून रक्तप्रवाह पाहणारी डॉपलर सोनोग्राफी आणि रक्तवाहिनीची शंका असेल तर सीटी किंवा एमआर अँजिओग्राफी केली जाते. चेतातंतूच्या प्रकारात काही ठिकाणी स्केलीन स्नायूत सोनोग्राफीच्या मदतीने बधिर करण्याचं इंजेक्शन देतात. त्याने काही तास हाताचा त्रास स्पष्टपणे कमी झाला, तर निदानाला बळ मिळतं आणि ऑपरेशनने फायदा होण्याची शक्यताही जास्त मानली जाते.

अंगठ्याच्या बुडाचा मांसल उंचवटा सपाट होऊ लागला असेल, तर ती गंभीर खूण आहे. चेतातंतूला खरी इजा होत असल्याचं ते लक्षण आहे. झिजलेला स्नायू ऑपरेशननंतरही पूर्ण भरून येईलच असं नाही. म्हणून अशा रुग्णाने वाट पाहण्यात वेळ घालवू नये.

आधी व्यायाम, मग ऑपरेशन?

चेतातंतूच्या प्रकारात, स्नायू झिजत नसतील तर, उत्तर ‘हो’ असं आहे. पहिला उपचार फिजिओथेरपीच असतो. तो किमान ६ ते १२ आठवडे नीट करायला सांगतात, काही डॉक्टर त्याहून जास्त वेळ देतात.

यात जड वजनं उचलण्याचा व्यायाम नसतो. स्केलीन आणि छातीचे स्नायू हळूहळू सैल करणं, पोटाने श्वास घ्यायला शिकणं, खांद्याच्या पात्याला आधार देणारे स्नायू बळकट करणं आणि बसण्या-झोपण्याच्या सवयी बदलणं, असा तो कार्यक्रम असतो. हात डोक्याखाली घेऊन झोपणं बंद करावं लागतं. वजन एकाच खांद्यावर न घेता वाटून घ्यायचं, फवारणीचं काम शक्यतो दुसऱ्याकडे द्यायचं, हात वर करायचं काम थोड्या थोड्या वेळाने थांबवायचं.

व्यायामाने त्रास वाढत असेल तर तो दाबून करत राहू नये. फिजिओथेरपिस्टला सांगून प्रकार बदलून घ्यावा. मानेला झटके देऊन ‘नस बसवणाऱ्या’कडे जाणं टाळावं. इजा झालेल्या स्नायूंना आणि रक्तवाहिनीला त्यातून आणखी अपाय होऊ शकतो.

रक्तवाहिनीच्या दोन्ही प्रकारांत मात्र नुसता व्यायाम हा उपचार नाही.

ऑपरेशन कोणाला लागतं?

रोहिणी दबली असेल तर बहुतेक वेळा ऑपरेशन करावंच लागतं. जादा बरगडी किंवा पहिली बरगडी काढतात आणि फुगलेली रोहिणी दुरुस्त करतात.

नीलेत गुठळी झाली असेल तर आधी रक्त पातळ करणारं औषध सुरू होतं. अनेकदा बारीक नळीतून गुठळी विरघळवणारं औषध थेट तिथे सोडतात. हा उपचार लक्षणं सुरू झाल्यापासून साधारण २ आठवड्यांच्या आत झाला तर सर्वाधिक उपयोगी पडतो. नंतर पुन्हा गुठळी होऊ नये म्हणून पहिली बरगडी काढण्याचा विचार होतो. बरगडी तशीच ठेवून नीलेत स्टेंट बसवणं टाळतात, कारण दोन हाडांमध्ये चेपून तो मोडू शकतो.

चेतातंतू दबले असतील तर खरा विचार इथे करावा लागतो. फिजिओथेरपी मनापासून करूनही रोजचं काम होत नाही, झोप उडाली आहे, ताकद कमी होत चालली आहे, आणि दुसरं कारण सापडलेलं नाही, अशा रुग्णाला ऑपरेशन सुचवतात.

ऑपरेशनमध्ये काय करतात?

पूर्ण भूल देऊन वाट मोकळी केली जाते. पहिली बरगडी, असेल तर जादा बरगडी, स्केलीन स्नायू आणि दाबणारे तंतू काढतात. चीर हासळीच्या हाडाच्या वर किंवा काखेत देतात. मोठ्या केंद्रांमध्ये दुर्बिणीतून किंवा रोबोटच्या मदतीनेही करतात. प्रत्येक पद्धतीचे फायदे-तोटे आहेत. पद्धतीच्या नावापेक्षा, तुमच्या सर्जनला कोणत्या पद्धतीचा अनुभव आहे हे जास्त महत्त्वाचं.

पहिली बरगडी गेल्याने श्वास घ्यायला किंवा हात हलवायला कायमची अडचण येत नाही.

धोके कोणते?

ही जागा मोठ्या रक्तवाहिन्या, चेतातंतू आणि फुफ्फुसाच्या टोकाला अगदी चिकटून आहे. त्यामुळे ऑपरेशन किरकोळ नाही.

- फुफ्फुसाभोवती हवा शिरणं. त्यासाठी काही दिवस नळी ठेवावी लागू शकते.
- रक्तस्राव.
- हाताच्या चेतातंतूंना इजा. ती बहुधा तात्पुरती असते, क्वचित कायमची.
- श्वासपटलाच्या चेतातंतूला धक्का बसून दम लागणं.
- खांद्याचं पातं मागे उचलल्यासारखं दिसणं.
- डाव्या बाजूला लसिकावाहिनीला इजा होऊन दुधाळ द्रव झिरपणं.
- जखमेच्या जागी व्रण तयार होऊन काही महिन्यांनी किंवा वर्षांनी त्रास परत येणं.

पूर्व विदर्भातल्या रुग्णांसाठी आणखी एक गोष्ट. या भागात सिकलसेल आजाराचं प्रमाण मोठं आहे. घरात कोणाला सिकलसेल असेल किंवा स्वतःची तपासणी झालेली नसेल, तर भूल देण्याआधी ती करून घ्यावी आणि भूलतज्ज्ञांना सांगावं. तंबाखू आणि खर्रा बंद करायला डॉक्टर सांगतात, तेही नुसतं सांगायचं म्हणून नाही. निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात आणि जखम भरायला वेळ लागतो.

फायदा किती होतो?

योग्य निवड झालेल्या बहुतेक रुग्णांना आराम पडतो. पण ‘ऑपरेशन झालं की हात पहिल्यासारखा’ अशी खात्री कोणीही देऊ शकत नाही. दुखणं किती वर्षं जुनं आहे, निदान किती पक्कं आहे, मानेत किंवा मनगटात दुसराही त्रास आहे का, यावर निकाल ठरतो.

२०१४ साली कोक्रेन या संस्थेने तोवरचे अभ्यास तपासले तेव्हा भक्कम पुरावा फारच कमी असल्याचं आढळलं. नंतर नेदरलँड्समध्ये चेतातंतूच्या प्रकाराच्या ५० रुग्णांवर एक अभ्यास झाला. त्याचे निष्कर्ष २०२२ मध्ये आले. काखेतून ऑपरेशन केलेल्या गटाचा हात ३ महिन्यांनंतर, बिनऑपरेशनच्या उपचारावर असलेल्या गटापेक्षा चांगला होता. मात्र या रुग्णांना आधीच्या उपचारांनी आराम पडलेला नव्हता आणि अभ्यास लहान होता.

खेळाडूंची दोन उदाहरणं बोलकी आहेत. अमेरिकेतला बास्केटबॉलपटू मार्केल फुल्ट्झ याला २०१८ च्या डिसेंबरमध्ये चेतातंतूचा प्रकार असल्याचं निदान झालं. फिजिओथेरपी घेऊन तो पुढच्या हंगामात मैदानात परतला. बेसबॉलमधला नामवंत गोलंदाज स्टीफन स्ट्रासबर्ग याचं २०२१ मध्ये ऑपरेशन झालं. त्यानंतर तो मुख्य लीगमध्ये एकच सामना खेळू शकला आणि २०२४ मध्ये निवृत्त झाला. ताशी १५० किलोमीटर वेगाने चेंडू टाकणाऱ्या हाताची गरज वेगळी आणि रोवणी करणाऱ्या हाताची वेगळी. तरी एक गोष्ट दोघांनाही लागू होते. ऑपरेशनचं यश हाताकडून कोणतं काम अपेक्षित आहे त्यावरही मोजावं लागतं.

गोसीखुर्दच्या रुग्णाने कुठून सुरुवात करावी?

पहिला टप्पा पवनीचं ग्रामीण रुग्णालय किंवा भंडाऱ्याचं जिल्हा सामान्य रुग्णालय. साधा एक्स-रे, साखर आणि इतर रक्त तपासण्या, कुष्ठरोगाची तपासणी आणि फिजिओथेरपीचा सल्ला यासाठी थेट मोठं शहर गाठायची गरज नाही.

पुढच्या तपासण्यांसाठी नागपूर. तिथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय म्हणजे ‘मेडिकल’ आणि त्याचं सुपर स्पेशालिटी रुग्णालय, इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय म्हणजे ‘मेयो’, आणि मिहानमधलं एम्स या सार्वजनिक संस्था आहेत. हा आजार कोणत्या एकाच विभागाचा नाही. रक्तवाहिनी सर्जन, छातीचे सर्जन आणि न्यूरोसर्जन असे तिन्ही तज्ज्ञ ही ऑपरेशनं करतात. त्यामुळे रेफर चिठ्ठीवर विभागाचं नाव स्पष्ट लिहून घेतलं तर एका फेरीचा खर्च आणि एक बुडणारी मजुरी वाचते.

योजनेचं काय? महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत यांचा एकत्रित लाभ महाराष्ट्रात मिळतो. २०२३ च्या निर्णयानुसार कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण आहे. इथे एक बारकावा लक्षात ठेवायला हवा. मंजुरी आजाराच्या नावाने नाही, उपचाराच्या पॅकेजनुसार मिळते. त्यामुळे ‘थोरॅसिक आउटलेट’ एवढंच न सांगता, डॉक्टर कोणतं ऑपरेशन करणार आहेत, ‘फर्स्ट रिब एक्सिजन’ की ‘सर्व्हायकल रिब एक्सिजन’, ते लिहून घ्यावं. मग रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडे ते पॅकेज तिथे लागू आहे का ते विचारावं. रेशन कार्ड, आधार आणि सगळे जुने रिपोर्ट सोबत असावेत. राज्याच्या योजनेचा हेल्पलाइन क्रमांक १५५३८८ आणि आयुष्मान भारतचा १४५५५ आहे.

ऑपरेशन झालं तर काम कधीपासून?

सर्वसाधारणपणे काही दिवसांत घरी सोडतात. हात हलवण्याचे सोपे व्यायाम लवकरच सुरू होतात, कारण हात बांधून ठेवला तर आतला व्रण चिकटतो. हलकी कामं काही आठवड्यांत जमतात. जड ओझं, फवारणी, जाळं फेकणं आणि हात वर करून करायची कामं मात्र साधारण २ ते ३ महिने बंद ठेवावी लागतात. फिजिओथेरपी त्याहून जास्त काळ चालते.

म्हणून घाई नसलेल्या रुग्णाने तारीख ठरवताना शेतीचं वेळापत्रकही डॉक्टरांसमोर ठेवावं. जूनमध्ये ऑपरेशन केलं तर रोवणी हातची जाते. नेमक्या त्याच वेळी नाइलाजाने बांधीत उतरलं तर ऑपरेशनचा फायदाही जातो. धान कापणी-मळणी आटोपल्यावरची तारीख, उन्हाळी धान नसेल तर, अनेकांना सोयीची पडू शकते. पण स्नायू झिजत असतील किंवा रक्तवाहिनी दबली असेल तर हंगाम बघत थांबायचं नाही.

‘हो’ म्हणण्याआधी विचारायचे प्रश्न

- माझा प्रकार कोणता? चेतातंतू, नीला की रोहिणी?
- मान, मनगट, कोपर, मधुमेह, कुष्ठरोग ही कारणं तपासून झाली का?
- मी आणखी ३ महिने फिजिओथेरपी केली तर काय बिघडू शकतं?
- नेमकं काय काढणार? चीर कुठे देणार?
- अशी किती ऑपरेशनं तुम्ही केली आहेत? तुमच्या रुग्णांना कोणता त्रास झाला?
- माझं काम पाहता, मी ते पुन्हा करू शकेन का? किती दिवसांनी?
- ऑपरेशननंतरची फिजिओथेरपी भंडाऱ्यात किंवा पवनीत होईल का?
- फायदा झाला नाही तर पुढचा मार्ग कोणता?

दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेणं हा पहिल्या डॉक्टरांचा अपमान नाही. चेतातंतूच्या प्रकारात तर ते घ्यावंच, कारण निदानाबद्दल तज्ज्ञांमध्येही मतभेद असू शकतात.

या खुणा दिसल्या तर वाट पाहू नका

- हात अचानक सुजला, निळसर झाला, शिरा फुगल्या.
- हात थंड, पांढरा पडला किंवा बोटाचं टोक काळं होऊ लागलं.
- अंगठ्याजवळचा उंचवटा सपाट होतोय, हातातून वस्तू सुटतात.
- हाताच्या सुजेसोबत अचानक दम लागला किंवा छातीत दुखलं. गुठळी फुफ्फुसात गेली असण्याची शक्यता असते. अशा वेळी १०८ ला फोन करून रुग्णवाहिका बोलवावी.

यापैकी काहीच नसेल, तर हातात निदानाचा कागद आला म्हणून लगेच ऑपरेशनची तारीख घ्यायची गरज नाही. कोणती ‘नस’ दबली ते आधी पक्कं करावं, फिजिओथेरपीला पूर्ण संधी द्यावी, त्रास आणि ताकद यांची नोंद महिन्यागणिक ठेवावी आणि मग ठरवावं. ती नोंद पुढच्या डॉक्टरांनाही एमआरआयइतकीच उपयोगी पडते.

*हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. औषध, व्यायाम किंवा ऑपरेशनचा निर्णय तपासणी केलेल्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावा.*